भाषेतील सिंधुबंदी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे राहणारी लाखो मराठी कुटुंबे एका बेटावर राहतात, याची जाणीव त्यांपैकी कितीजणांना असेल? पश्चिमेस सिंधुसागर, पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस वसईची खाडी आणि दक्षिणेस माहीमची खाडी, अशा चारी अंगांच्या पाण्यात हे बेट वसलेले आहे. त्याचे नाव साष्टी. पोर्तुगीजांनी त्याचे ‘सालसेत’ केले, इंग्रजांनी ‘सालसेट’. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३७ साली ठाणे आणि साष्टी मराठ्यांच्या हाती आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ती पुन्हा गिळली. आज साष्टी ना परकीयांच्या ताब्यात आहे, ना स्वकीयांच्या स्मरणात. ज्या भूमीसाठी पेशवाईत दोन पिढ्यांनी रक्त सांडले, तिचे नाव तिच्यावरच राहणाऱ्या शाळकरी मुलाला विचारावे आणि काय उत्तर येते ते पाहावे.

८ जून २०१४ रोजी सुरू झालेली मुंबईची पहिली मेट्रो या बेटाला आडवी छेदून जाते. एका टोकाला घाटकोपर, दुसऱ्या टोकाला ‘वर्सोवा’. देवनागरी पाटीवरही ‘वर्सोवा’च. परंतु समुद्रकाठी जे गाव शेकडो वर्षे नांदते आहे, त्याचे नाव वर्सोवा नाही. ते वेसावे आहे. पेशवाईच्या इतिहासात ते वेसावे आहे, मढच्या बाजूने खाडीच्या मुखावर पहारा करणारा आणि १७३९ साली मराठ्यांनी घेतलेला किल्ला वेसाव्याचा आहे, आणि ज्या गायकवृंदाच्या कोळीगीतांवर महाराष्ट्रातील प्रत्येक लग्नाची वरात नाचते, तो वृंद स्वतःला ‘वेसावकर आणि मंडळी’ म्हणवितो. नाचताना वेसावकर आणि तिकीट काढताना वर्सोवा! परकीयांच्या जिभेला जे नाव वळले नाही, ते आपल्या जिभेला वळते. तरीही आपण परकीयांचा बोबडा उच्चार आपल्या लिपीत जपून ठेवतो.

याहून बोचरी गोष्ट पुढेच आहे. वांद्रे ते वेसावे असा जो सागरी सेतू उभा राहत आहे, त्याला २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव दिले. निर्णय अत्यंत उचित होता. मार्सेलिसच्या समुद्रात १९१० साली उडी घेणाऱ्या आणि ‘मेयर’ला ‘महापौर’ असा प्रतिशब्द देणाऱ्या पुरुषाचे नाव सेतूला शोभणारेच आहे. मात्र भाषाशुद्धीच्या या अध्वर्यूच्या नावाचा सेतू ज्या गावी टेकणार, त्या गावाचे नाव अपभ्रष्टच राहावे, यातील विसंगती कोणालाही खटकली नाही. मार्च २०२४ मध्ये उपनगरी रेल्वेच्या काही स्थानकांची इंग्रजी नावे बदलण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळाने संमत केला. करी रोडचे लालबाग, मरीन लाइन्सचे मुंबादेवी, डॉकयार्ड रोडचे माझगाव. त्या यादीत रेल्वेची स्थानके होती, मेट्रोची नव्हती, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल; परंतु मागणीच झाली नाही तर यादी कोण करणार?

डोलकर म्हणजे कोण?

एका गावाच्या नावापुरताच हा प्रश्न असता तर एक पाटी बदलून तो सुटला असता. प्रश्न मोठा आहे. समुद्राशी संबंधित असलेली मराठीची एक संपूर्ण शाखाच सुकत चालली आहे आणि ती ज्या अंगणात सुकते आहे, त्या अंगणाच्या भिंतीला भिंत लावून मराठी मध्यमवर्गाची घरे उभी आहेत.

शांता शेळके यांच्या लेखणीतून उतरलेले डोलकराचे कोळीगीत ठाऊक नाही, असा मराठी माणूस सापडणे कठीण. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवाच्या मंचावर, सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात कमरेला रुमाल बांधून मुले त्यावर नाचतात. या मुलांच्या पालकांना विचारावे की डोलकर म्हणजे कोण? बहुतेक सांगतील, लाटांवर डोलतो तो डोलकर. काही जण डोलकाठीची आठवण काढतील. वस्तुतः डोल हे एक जाळे आहे. निमुळत्या पिशवीसारखे, रुंद तोंडाचे. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे करतात. भरती-ओहोटीचा ओघ मासळीला आत लोटतो; पाणी पालटण्यापूर्वी जाळे उचलावे लागते. बोंबील आणि जवळा हे त्याचे मुख्य उत्पन्न. हे जाळे लावणारा तो डोलकर. त्याच्या धंद्यात मासळीच्या मागे धावणे नाही, पाण्याच्या वेळेची अचूक जाण आहे. गीत पाठ आहे, ताल पाठ आहे, शब्दाचा अर्थ मात्र कोणी विचारलाच नाही!

शब्द गेला की त्यामागचे ज्ञान जाते. तारू हाकारणे म्हणजे प्रवासास निघणे; आज ‘हाकारणे’ हे क्रियापद कोणाच्या तोंडी उरले आहे? पश्चिम किनाऱ्यावरील गलबताची डोलकाठी किंचित पुढे झुकलेली असे. तिच्यावर परभाण नावाचे लांब लाकूड तिरके चढवीत आणि त्या परभाणाला तिकोनी शीड बांधीत. शिडाचा मोकळा कोपरा ज्या दोराने ताणायचा किंवा सैल सोडायचा, तो दामण. वाऱ्याची दिशा पालटली की हे अवघे प्रकरण डोलकाठीच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला न्यावे लागे आणि ते काम भर समुद्रात, हलत्या फळीवर, काही क्षणांत करणारे खलाशी एका तांडेलाच्या हाकेवर चालत. पुढचे निमुळते टोक ती नाळ. होडीला एका बाजूस समतोलासाठी जोडलेला लाकडी ओंडका ती उलांडी. नावाही किती! होडी, मचवा, पडाव, शिबाड, फत्तेमारी, बतेला, गलबत, गुराब. प्रत्येकीचा घाट निराळा, काम निराळे. सरकारी कागदावर आज या सर्वांची मिळून एकच ‘नौका’ झाली आहे. ती एक तर यांत्रिक असते किंवा बिगरयांत्रिक.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मासेमारीच्या होड्यांवर इंजिने चढली आणि शिडे उतरली, यात दुःख करण्याजोगे काही नाही. कोळ्याच्या पोराने केवळ संस्कृतिरक्षणासाठी हाताने शीड ओढीत बसावे, असे म्हणण्याचा अधिकार विजेच्या पंख्याखाली बसलेल्या कोणालाही नाही. बैलगाडी गेली तरी ‘जू’, ‘चाकोरी’ आणि ‘आरी’ हे शब्द साहित्यात टिकले, कारण लिहिणारा वर्ग कधीतरी बैलगाडीत बसला होता. गलबतात मात्र तो प्रवासी म्हणून बसला, आणि उतरल्यावर विसरला.

पंचांगातील भरती

या विस्मरणाची किंमत केवळ शब्दकोशात मोजली जात नाही. २६ जुलै २००५ चा दिवस उपनगरवासी विसरू शकत नाहीत. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि दुपारी चारच्या सुमारास समुद्राला भरती होती. मिठी नदीला आपले पाणी समुद्रात टाकता येईना. त्या दिवसापासून दर पावसाळ्यात मराठी वृत्तवाहिन्या एक शब्द कानीकपाळी ओरडू लागल्या: ‘हायटाईड’. भरती हा दोन अक्षरी नव्हे, तीन अक्षरी शब्द उच्चारण्यास कठीण म्हणावा, तर ‘हायटाईड’ काही सोपा नाही. मोठ्या भरतीला मराठीत उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आगेमागे जेव्हा भरती-ओहोटीतील अंतर सर्वांत कमी असते, त्या काळाला भांग म्हणतात. पहिला शब्द अजून ‘उत्साहाला उधाण’ या वाक्प्रचारात तग धरून आहे. दुसरा उच्चारला तर श्रोत्यांच्या मनात होळी किंवा केसांतील रेघ येते.

किनाऱ्यावरील जुन्या माणसांचा एक ढोबळ हिशेब होता. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो आणि त्याच्यामागोमाग समुद्रही, इतके खगोलशास्त्र त्या एका सूत्रात बसले आहे. म्हणजे भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका किंवा देवघरातील पंचांग हेच भरतीचे वेळापत्रक होय. चतुर्थीच्या चंद्रोदयाची वेळ काटेकोरपणे पाहून उपवास सोडणाऱ्या घरांत हेच पंचांग भरतीही सांगते, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. हिंदूंची कालगणना अवैज्ञानिक म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी लांबलचक ग्रंथ धुंडाळले जातात. उत्तर मढच्या तरीवर उभ्या असलेल्या तांडेलाच्या जिभेवर असते.

शाळेने मात्र नकळत एक जोडी राखली आहे. भूगोलाच्या पुस्तकात ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ अजून आहेत. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे ते खारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारे ते मतलई. हे दर्यावर्दींचे शब्द आहेत, पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी परतायचे, अशी त्यांची दिनचर्या त्या दोन शब्दांत आहे. इंग्रजी माध्यमात गेलेल्या पिढीने तेही गमावले, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

छत्रपतींनी काय केले?

येथे आपल्याच घरातून एक आक्षेप येईल. तांडेल, सारंग, खलाशी, नाखवा, दर्यावर्दी, सुकाणू हे सारे फारसी-अरबी वळणाचे शब्द. आरमार तर थेट पोर्तुगीज ‘आर्मादा’चे अपत्य. असले परके शब्द गेले तर बिघडले काय? त्यांच्या जागी शुद्ध संस्कृतोद्भव शब्द योजावेत.

हा आक्षेप प्रामाणिक आहे म्हणून त्याला उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. भाषाशुद्धीचे पहिले राजकीय कार्य छत्रपती शिवाजी महाराजांनी केले. रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश त्याची साक्ष आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. परंतु त्या कोशाचे दहा वर्ग पाहावेत. राज, कार्यस्थान, शस्त्र, चतुरंग, दुर्ग, पण्य इत्यादी वर्ग त्यात आहेत. समुद्राचा स्वतंत्र वर्ग त्यात नाही. दर्यासारंग दर्यासारंगच राहिला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांनी ‘सरखेल’ ही पदवी अभिमानाने मिरविली. महाराजांना दरबाराची भाषा बदलायची होती, कारण ती सत्तेची भाषा होती. खलाशाची भाषा त्याच्या हातातील दोराइतकीच त्याच्या कामाची होती; वादळात तिला अर्थ विचारीत बसता येत नाही.

शब्द जसे बाहेरून आले तसे कारागीरही आले. कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर तेथे जहाजबांधणी सुरू झाली, तेव्हा महाराजांनी पोर्तुगीज कारागीर कामाला लावले होते. धोका ओळखून पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फोडून परत नेले. तोवर आगरी, कोळी, भंडारी हातांनी जे शिकायचे ते शिकून घेतले होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. १६७९ मध्ये खांदेरीवर मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी इंग्रजांना जे पाणी पाजले, त्याचे वर्णन मुंबईकर इंग्रजांच्याच पत्रांत आहे. मोठमोठी जहाजे वाऱ्याची वाट पाहात उभी असत आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात वल्ही मारीत बेटावर रसद पोहोचवीत. ही जी सुकाणूवर बसलेली माणसे होती, त्यांनी ‘सुकाणू’ हा शब्द अरबांकडून घेतला की आणखी कोणाकडून, याने स्वराज्याचे काय उणे झाले? शेतकऱ्याचा नांगर संस्कृत ‘लांगल’चा आणि कोळ्याचा नांगर फारसी ‘लंगर’चा. मराठीने दोन्ही एकाच साच्यात ओतले. नाखव्याच्या फारसी पूर्वजात जो ‘नाव’ आहे, तो तर आपल्या ‘नौ’चा सख्खा भाऊ. जित्या समाजाची पचनशक्ती ती हीच.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. त्यात गुराबा आणि गलबते किती मोठी असावीत याचा विचार आहे आणि आरमारासाठी लाकूड कोठून आणावे याचाही. आंबा-फणसाची झाडे आरमारास उपयोगी, परंतु रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घेतलेच तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे ते बजावतात. ज्या राजनीतीला लाकूड आणि रयत यांचा असा एकत्र विचार करता आला, तिला समुद्रावरील शब्द आणि समुद्रावरील माणूस वेगळे दिसणे शक्य नव्हते.

शुद्ध शब्दांचा आग्रह धरणाऱ्यांनी जो शुद्ध शब्द हाती आहे त्याचे काय केले, हेही पाहावे. संस्कृतात ‘कर्ण’ म्हणजे सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. आज हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रोज छापला जातो आणि तो केवळ क्रिकेटच्या संघनायकासाठी! समुद्रावरचा शब्द वानखेडे स्टेडियमवर नेऊन बसविला आणि समुद्रावर ‘कॅप्टन’ ठेवला.

आणखी एका प्रकाराला आळा घातला पाहिजे. ‘नेव्हिगेशन’ हा इंग्रजी शब्द संस्कृत ‘नवगति’पासून निघाला, असा संदेश राष्ट्रभक्त मंडळींत वर्षानुवर्षे फिरत असतो. तो चुकीचा आहे. तो शब्द लॅटिनमधून आला. लॅटिन ‘नाविस’ आणि संस्कृत ‘नौ’ एकाच कुळातील आहेत, ही खरी गोष्ट पुरेशी अभिमानास्पद असताना खोट्या व्युत्पत्तीची गरज कशाला? इंग्रजांनी आपल्याकडून खरोखर काय उचलले, ते त्यांच्याच कागदपत्रांत आहे. ‘गुराब’चे त्यांनी ‘ग्रॅब’ केले, ‘शिबाड’चे ‘शिबार’, ‘फत्तेमारी’चे ‘पॅटमार’, ‘बंदर’चे ‘बंडर’. गंमत अशी की इंग्रजी नाविक इतिहास वाचणाऱ्या मराठी तरुणाला ‘ग्रॅब’ म्हणजे काय ते ठाऊक असते. गुराब ठाऊक नसते.

ज्यांनी नोंदले आणि ज्यांनी नाही

थॉमस रोबक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश छापला. हिंदी खलाशांना हुकूम देता यावेत, हा त्याचा हेतू. हेतू गुलामगिरीचा खरा, पण काम चोख. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात आणि १८५७ च्या वाढविलेल्या आवृत्तीत गलबतांचे, वाऱ्यांचे, भरती-ओहोटीचे कितीतरी शब्द सापडतात. मुंबईत वाडिया घराण्याने १८१७ साली बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर जपून ठेवले आहे. मुंबईच्या हातांनी घडविलेली वस्तू पाहण्यासाठी मुंबईकराला पारपत्र काढावे लागते.

आपल्याकडे हे का झाले नाही, याचे उत्तर इंग्रजांना शिव्या देऊन मिळणार नाही. सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या सांगितल्या, त्यांत एक सिंधुबंदी होती. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, ही समजूत. परंतु ही बंदी पाळली कोणी? वेसाव्याच्या कोळ्याने पाळली नाही, मालवणच्या गाबिताने पाळली नाही, रत्नागिरीच्या भंडाऱ्याने पाळली नाही. ज्याने पाळली तो लेखणी धरणारा वर्ग होता, आणि शब्दकोश, पाठ्यपुस्तके, साहित्य हे सारे त्याच्याच हातात होते. म्हणून पंतांच्या वाड्यातील भांड्याकुंड्यांची नावे कादंबऱ्यांतून अजरामर झाली आणि नाखव्याच्या होडीवरील शब्द होडीबरोबर कुजले. प्रवासावरची बंदी कधीच संपली. अंधेरी-विलेपार्ल्याच्या प्रत्येक घरातील एक मूल आज सातासमुद्रापार आहे. भाषेतील सिंधुबंदी मात्र तशीच चालू आहे. समरसतेच्या बैठकांतून रोटी-बेटीची चर्चा होते, ती झालीच पाहिजे. शब्दांच्या पंक्तीत कोळ्याचे पान अजून वेगळे मांडले जाते, याकडे लक्ष कोण देणार?

शाळेच्या हजेरीपटावर ‘तांडेल’ आणि ‘नाखवा’ ही आडनावे आजही पुकारली जातात. पहिले नाव सांगते की या घरातील पूर्वज होडीचा प्रमुख होता. दुसरे सांगते की तो तारवाचा धनी होता. ‘देशपांडे’ आणि ‘कुलकर्णी’ या आडनावांमागील वतनाचा इतिहास मराठीच्या तासाला हमखास सांगितला जातो. तांडेलाच्या मुलाला त्याच्या आडनावाचा अर्थ कोणी सांगितला आहे काय?

राष्ट्रीय पातळीवर वारे अनुकूल आहेत, हे मान्य केले पाहिजे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि शिवमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला अष्टकोन आला. ४ डिसेंबर २०२३ रोजी सिंधुदुर्गाच्या साक्षीने नौदल दिन साजरा झाला आणि नौदलातील हुद्द्यांना भारतीय परंपरेतील नावे देण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली. जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी हे जलदुर्ग अन्य आठ किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या सूचीत गेले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून, काथ्याने फळ्या शिवून, खिळ्यांवाचून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाली आणि डिसेंबरच्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचली. चित्र महाराष्ट्रातील, बांधणी गोव्यातील, शिवणारे हात केरळातील. केरळात ती विद्या जिवंत का राहिली? तेथे बाबू शंकरन यांच्यासारखे कारागीर होते आणि त्या कारागिरांच्या जिभेवर त्यांचे शब्द होते. चित्रावरून नौका बांधता येते. पण बांधणाऱ्याला दोराच्या प्रत्येक गाठीचे नाव ठाऊक असावे लागते.

याच सिंधुदुर्गाजवळ राजकोट किल्ल्यावर उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा महाराष्ट्र संतापला आणि तो संताप योग्यच होता. नवा पुतळाही उभा राहिला. पुतळा पडला की दिसतो आणि दुसरा उभारता येतो. मालवणच्या किंवा मार्व्याच्या एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाबरोबर जे तीनशे शब्द जातात, त्यांच्यासाठी ना मोर्चा निघतो, ना चौकशी समिती नेमली जाते.

जागा आणि शब्द

शब्द हवेत राहत नाहीत. जाळी वाळत घालायला पटांगण लागते, पावसाळ्यापूर्वी होड्या ओढून शाकारून ठेवायला किनारा लागतो, डागडुजीला सुताराची जागा लागते. ही जागा गेली की ती कामे जातात आणि कामांमागोमाग क्रियापदे. मुंबईतील कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षे कागदांवरून कागदांवर फिरतो आहे. दरम्यान वेसावे, मढ, मनोरी, गोराई येथील मोकळ्या जागेवर बांधकाम व्यावसायिकांचे डोळे आहेत आणि खाडीच्या मुखाशी गाळ साचतो आहे. ‘समुद्रदर्शन’ असलेल्या सदनिकेला जादा भाव मोजणारा ग्राहक त्याच समुद्रावरच्या सुक्या बोंबलांच्या वासाची तक्रार महापालिकेकडे करतो, आणि हा ग्राहक बहुतेक वेळा परप्रांतीय असतो असे समजून स्वतःचे समाधान करून घेणे हा शुद्ध आत्मवंचनेचा प्रकार आहे.

ज्यांना भाषेचा विषय भावुकतेचा वाटतो, त्यांच्यासाठी सुरक्षेचा मुद्दा आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी आले ते ‘कुबेर’ ही मासेमारीची नौका बळकावून, आणि उतरले ते कुलाब्याजवळच्या मच्छीमार वसाहतीच्या काठावर. त्यांना प्रथम पाहिले आणि हटकले ते तेथील रहिवाशांनी. त्यानंतर किनाऱ्यावरील मच्छीमार हे देशाचे डोळे आणि कान आहेत, असे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले गेले. डोळे आणि कान असतील तर जीभही असणारच. समुद्रावर परके तारू दिसले तर ते कोणत्या घाटाचे, कोणत्या वाऱ्यावर, कोणत्या खाडीकडे चालले आहे, हे कोळी आपल्या शब्दांत सांगेल. ते शब्द ऐकणाऱ्या पोलिसाला आणि अधिकाऱ्याला समजले पाहिजेत.

वेसाव्याच्या कोळीवाड्याला लागूनच केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, १९६१ सालापासून. मालाडजवळ मार्व्याला नौदलाचे ‘हमला’ हे आस्थापन आहे. विद्या, सेना आणि परंपरा एकाच उपनगरी किनाऱ्यावर शेजारी नांदतात, असा योग देशात फार थोड्या ठिकाणी असेल. तेथून चालत जाता येईल अशा अंतरावर असे वृद्ध आहेत, ज्यांनी तरुणपणी शिडावर होडी चालविली. त्यांच्याकडे ध्वनिमुद्रक घेऊन जाण्यासाठी शासकीय अनुदानाची गरज नाही. उपनगरांत शेकडो शाखा लागतात, ग्रंथालये आहेत, मराठी मंडळे आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात छायाचित्रे काढायला जाणाऱ्यांनी एक वही घेऊन जावी. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर असतात आणि माणसांना बोलायला सवड असते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सत्कार-समारंभ यथासांग पार पडले. त्या दर्जाखाली करण्याजोगे काम येथे उघड्यावर पडले आहे.

आणि वेसाव्याची पाटी. सावरकरांच्या नावाचा सेतू अद्याप पूर्ण व्हायचा आहे. तो वाहतुकीस खुला होण्यापूर्वी त्या टोकाचे नाव आणि मेट्रो स्थानकाचे नाव ‘वेसावे’ असे लिहिले जावे, ही मागणी एकट्या वेसावकरांवर सोडून चालणार नाही. त्या मेट्रोने रोज प्रवास करणाऱ्या अंधेरीच्या आणि घाटकोपरच्या नागरिकांनी, मुलुंड-बोरिवलीहून तिच्यासाठी गाडी बदलणाऱ्यांनी, आपापल्या वस्तीतून स्वाक्षऱ्या गोळा करून ती शासनापुढे ठेवावी.